दर्या, दऱ्या आणि जुनी आज्ञावली

बुरोंडी हे दापोली तालुक्यातले किनाऱ्यावरचे गाव. पुढे दर्या, मागे डोंगर आणि डोंगरांत दऱ्या. एवढ्या एका वाक्यात मराठीच्या शिक्षकाला शुद्धलेखनाचा धडा सापडतो आणि संगणकाच्या अभ्यासकाला एक अवघड प्रश्न. ‘दर्या’ म्हणजे समुद्र. ‘दऱ्या’ हे ‘दरी’चे अनेकवचन. पहिल्या शब्दात ‘य’च्या डोक्यावर रफार आहे, दुसऱ्यात पापणीसारखा आडवा अर्धा ‘र’. उच्चारही वेगळा. ‘दर्या’ म्हणताना ‘द’वर आघात येतो, ‘दऱ्या’ म्हणताना येत नाही. हिंदीच्या लेखनाला हा आडवा ‘र’ लागत नाही, मराठीचे मात्र त्याच्यावाचून पान हलत नाही. किनाऱ्यावर, वाऱ्याने, खाऱ्या, दुसऱ्या, मासे पकडणाऱ्या, शिवाय कोकणातला पावसाळी ओढा म्हणजे पऱ्या. सर्वांत गमतीची जोडी ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ ही. पहिल्या शब्दाने नमस्कार गुरुजींना पोचतो, दुसऱ्याने स्वयंपाक करणाऱ्याला. दोघेही नमस्काराला पात्र आहेत, पण निमंत्रणपत्रिकेत अदलाबदल झालेली कोणालाच चालणार नाही.

संगणकाच्या पडद्यावर हा फरक कोण राखते? कळफलक राखतो असे वाटते, पण कळफलक फक्त क्रमांक पाठवतो. युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत प्रत्येक अक्षराला एक क्रमांक आहे. दशमान पद्धतीत लिहायचे तर ‘दर्या’ हा शब्द २३४२, २३५२, २३८१, २३५१, २३६६ असा साठवला जातो आणि ‘दऱ्या’ हा २३४२, २३५३, २३८१, २३५१, २३६६ असा. समुद्र आणि दऱ्या यांच्यात संगणकाच्या लेखी एका ठिकाणी एकाचा फरक! २३५२ म्हणजे ‘र’, २३५३ म्हणजे ‘ऱ’ आणि २३८१ म्हणजे पाय मोडण्याची खूण. (‘ऱ’ हे पूर्ण अक्षर मराठीचे नव्हेच. द्राविडी भाषांतील एका ‘र’चे देवनागरीत लिप्यंतर करण्यासाठी ते कोष्टकात घेतले आहे. त्याचे अर्धे रूप तेवढे आपल्या वाट्याला आले.)

हे पाच क्रमांक मिळाल्यावर त्यांतून पडद्यावर काय उमटवायचे, हे ठरवणारी एक वेगळी आज्ञावली असते. रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर न्यायचा, पहिली वेलांटी उच्चारात व्यंजनाच्या मागून येत असली तरी लिहिताना त्याच्या आधी ठेवायची, क आणि ष जोडून क्ष करायचा, ही कामे ती करते. अक्षरांच्या आकृत्या आणि जोडणीचे नियम फाँटमध्ये असतात. ते नियम योग्य क्रमाने लावण्याचे काम या आज्ञावलीचे. शब्दलेखनाचा कार्यक्रम, ब्राउझर, भ्रमणध्वनी असे सगळे तिचा उपयोग करतात, कोणी स्वतः हे काम नव्याने लिहीत बसत नाही. अशा सामायिक आज्ञावलींच्या संचाला संगणकाच्या भाषेत ‘लायब्ररी’ म्हणतात. शाळेतल्या लॉगॅरिथमच्या कोष्टकाशी तिची तुलना करता येईल. कोष्टक एकदा कोणीतरी तयार करतो आणि हजारो लोक त्यावर विसंबून गणिते सोडवतात. त्यातली एक ओळ चुकीची छापली गेली, तर चूक एकाची, पण उत्तरे चुकतात हजारोंची.

आता समजा, गेली दहा वर्षे बिनतक्रार चालणारी अशी एक लायब्ररी काढून तिच्या जागी दुसरी आणायची आहे. आणावी का?

या प्रश्नावर संगणक व्यवसायात एक लेख अतिशय गाजलेला आहे. अमेरिकी आज्ञावलीकार जोएल स्पोल्स्की यांनी तो एप्रिल २००० मध्ये लिहिला. कधीही करू नयेत अशा गोष्टींत त्यांनी पहिला क्रमांक दिला तो चालू आज्ञावली टाकून देऊन ती पहिल्यापासून पुन्हा लिहिण्याला. आधाराला उदाहरण नेटस्केप कंपनीच्या ब्राउझरचे. १९९८ मध्ये या कंपनीने जुने काम बाजूला ठेवून नव्याने लेखन सुरू केले. चौथ्या आवृत्तीनंतर पाचवी कधी आलीच नाही, एकदम सहावी आली आणि ती २००० च्या नोव्हेंबरात. तोवर बाजार मायक्रोसॉफ्टच्या ताब्यात गेला होता. पंचवीस वर्षे उलटली तरी हा लेख आजही पुढे केला जातो, आणि तोही बहुधा चर्चा थांबवण्यासाठी. म्हणून तो बारकाईने तपासला पाहिजे.

लेखातला मुख्य मुद्दा खरोखर मोलाचा आहे. जुनी आज्ञावली वाचताना ओबडधोबड दिसते, जागोजागी कारण न कळणाऱ्या ओळी आढळतात. नव्या माणसाला वाटते, ही अडगळ. स्पोल्स्की सांगतात की ती अडगळ नव्हे. प्रत्येक विचित्र ओळ ही कधीतरी कोणाच्या तरी संगणकावर सापडलेल्या दोषाची दुरुस्ती असते. बुरोंडीच्या भाषेत सांगायचे तर जुन्या होडीवरचे प्रत्येक ठिगळ ही एकेकाळी पाणी येत होते ती जागा. ठिगळे कुरूप दिसतात म्हणून नवी होडी बांधली, तर पाणी कुठून येते हे पुन्हा पाण्यातच कळणार.

याला बळकटी देणारी एक घटना त्यांच्या लेखानंतर घडली. डेबियन या लिनक्सच्या प्रकारात गुप्तलेखनासाठी ‘ओपनएसएसएल’ ही लायब्ररी वापरली जाते. तिच्यातल्या एका ओळीबद्दल तपासणीची साधने इशारा देत होती, की येथे आधी किंमत न भरलेली स्मृती वापरली जात आहे. २००६ मध्ये डेबियनसाठी ही लायब्ररी सांभाळणाऱ्याने तशा ओळी काढून टाकल्या. इशारे थांबले, सर्व काही पूर्ववत चालू राहिले. मे २००८ मध्ये उघड झाले, की त्या ओळींबरोबर गुप्त किल्ली घडवणारी जवळजवळ सगळी यादृच्छिकताच निघून गेली होती. किल्लीमागे फिरता राहिला होता तो फक्त चालू प्रक्रियेचा क्रमांक, म्हणजे एका प्रकारच्या आणि एका लांबीच्या किल्ल्या जेमतेम ३२ हजारांच्या घरात. एवढ्या किल्ल्या तर साध्या संगणकावर एकेक करून लावून पाहता येतात. सुमारे दोन वर्षे जगभरातली कितीतरी यंत्रे नावापुरत्या कुलपावर चालली. कुरूप ओळ कुरूप का आहे, हे न विचारल्याची ती किंमत होती.

येथपर्यंत स्पोल्स्की यांचे म्हणणे मान्य. अडचण पुढे आहे. ठिगळांची होडी अनुभवी आहे हे खरे, पण तिचा अनुभव कोणत्या पाण्यातला? दाभोळच्या खाडीत वीस वर्षे निर्धोक चाललेली होडी ऐन पावसाळ्याच्या तोंडावर खुल्या दर्यात नेली, तर ती ‘वीस वर्षांची खात्रीची’ राहते का? लेखात हा प्रश्नच येत नाही. स्थैर्य हा आज्ञावलीचा अंगभूत गुण आहे, धातूच्या घनतेसारखा, असे त्यात गृहीत धरले आहे.

४ जून १९९६ रोजी युरोपच्या एरियन-५ या अग्निबाणाचे पहिले उड्डाण झाले. उड्डाणक्रम सुरू झाल्यापासून सुमारे ४० सेकंदांत, सुमारे ३,७०० मीटर उंचीवर अग्निबाण मार्गावरून ढळला, तुटला आणि नष्ट झाला. चौकशीत आढळले, की दिशा आणि गती सांगणाऱ्या यंत्रणेची आज्ञावली आधीच्या एरियन-४ वरून घेतली होती. तिथे ती उत्तम चालली होती, आणि चालत असलेल्या गोष्टीत फेरफार करू नये याच विचाराने ती राखली होती. एरियन-५ चा मार्ग वेगळा, त्याचा आडवा वेग जास्त. त्या वेगाशी संबंधित एक संख्या १६ बिटांच्या जागेत भरायची होती आणि तिथे ३२,७६७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही. ती मावली नाही, यंत्रणा बंद पडली, आणि तीच आज्ञावली असलेली राखीव यंत्रणाही त्याच कारणाने बंद पडली होती. विशेष म्हणजे आज्ञावलीच्या ज्या भागात हे घडले, त्याची एरियन-५ ला उड्डाणानंतर गरजच नव्हती. (डेबियनच्या किल्ल्या आणि एरियनची मर्यादा, दोन्ही ठिकाणी २ चा १५ वा घात डोकावतो. घातांक शिकवताना विद्यार्थ्यांना सांगण्याजोगा योगायोग.)

म्हणजे जुने न बदलणे हा ‘काहीच न करण्याचा’ सुरक्षित पर्याय नव्हे. भोवतालचे बदलले, की जुने जागच्या जागी असूनही नवे होते. मराठीपुरते बोलायचे तर हे आपण सर्वांनी अनुभवले आहे. श्रीलिपी, आकृती यांसारख्या जुन्या पद्धतींत अक्षरांच्या आकृत्या रोमन अक्षरांच्या जागांवर बसवलेल्या असत. छपाईच्या दृष्टीने ती व्यवस्था पक्की होती आणि आडवा ‘र’ही त्यात नीट उमटे. पण तीच प्रश्नपत्रिका तो फाँट नसलेल्या दुसऱ्या संगणकावर उघडली, की पानभर रोमन अक्षरांचा कचरा दिसे. जुन्या फाइलीत काहीही बिघडलेले नव्हते. तिच्याभोवतीचे जग तेवढे बदलले होते.

नेटस्केपच्या उदाहरणाबद्दलही विज्ञानाच्या शिक्षकाने हात वर करायला हवा. एका कंपनीच्या एका अनुभवावरून ‘कधीही नाही’ असा नियम काढता येतो का? त्याच काळात मायक्रोसॉफ्ट आपला ब्राउझर विंडोजबरोबर फुकट देत होती. नेटस्केपने पुन्हा लेखन केले नसते तर ती टिकली असती, हे कोणत्या प्रयोगाने ठरवणार? आणि लेखाला न दिसलेली पुढची गोष्ट अशी, की नव्याने लिहिलेल्या त्याच आज्ञावलीतून नोव्हेंबर २००४ मध्ये फायरफॉक्स बाहेर पडला. तिची वंशज आजही चालू आहे. कंपनी बुडाली हे खरे, पण वापरणाऱ्यांना एक चांगले साधन मिळाले. स्पोल्स्की यांच्या तराजूत एकाच पारड्यात वजने आहेत आणि ती सगळी कंपनीच्या नफ्यातोट्याची. लायब्ररी वापरणाऱ्याचे पारडे तिथे टांगलेलेच नाही. माझ्या मते या लेखाचा खरा दोष हा आहे.

आता पुन्हा अक्षरजुळणीकडे येऊ. या क्षेत्रात जुनी लायब्ररी बदलण्याचा एक मोठा प्रयोग झाला आहे, आणि त्यात देवनागरी लिपी थेट गुंतलेली असूनही आपल्याकडे त्याची फारशी चर्चा झाली नाही. विंडोज २००० पासून ‘मंगल’ फाँटमध्ये देवनागरी दिसू लागली, तेव्हा जोडणीचे काम मायक्रोसॉफ्टची ‘युनिस्क्राइब’ ही लायब्ररी करीत असे. लिनक्सवर वेगवेगळ्या कार्यक्रमांत वेगवेगळ्या लायब्ररी होत्या. त्यांतली एक ‘आयसीयू’ नावाची (रुग्णालयातल्या अतिदक्षता विभागाशी हिचा काही संबंध नाही). दुसरी ‘हार्फबझ’. हे नाव फारसीतले आहे. ‘हर्फ’ म्हणजे अक्षर आणि ‘बाझ’ म्हणजे उघडे. फाँटच्या ‘ओपनटाइप’ या रचनेच्या नावाचे हे भाषांतर. बेहदाद एस्फाहबोद या मूळच्या इराणी संगणकतज्ज्ञाने या जुन्या हार्फबझच्या जागी नवी हार्फबझ लिहायला घेतली. म्हणजे स्पोल्स्की जे कधीही करू नका म्हणतात तेच, आणि तेही ज्या लिप्यांत एका काना-मात्रेने अर्थ बदलतो त्यांच्यासाठी.

ते कसे केले हे पाहण्यासारखे आहे. विकिपीडियाच्या निरनिराळ्या भाषांतील मजकुरातून शब्द गोळा केले. प्रत्येक शब्द तोच फाँट वापरून एकदा युनिस्क्राइबकडून आणि एकदा नव्या लायब्ररीकडून जुळवून घेतला. कोणत्या आकृत्या, कोणत्या क्रमाने, किती अंतरावर, हे सगळे ताडून पाहिले. फरक आढळला की कारण शोधायचे आणि पुन्हा सगळी यादी चालवायची. २०१० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत हे काम झाले. एका टप्प्यावर देवनागरीचा नोंदलेला निकाल असा होता: ७,०७,३९४ शब्दांपैकी ७,०७,३०७ जुळले, ८७ जुळले नाहीत. शेकडा ०.०१२३.

स्पोल्स्की यांच्या युक्तिवादाला याहून चांगले उत्तर मला माहीत नाही. जुन्या आज्ञावलीत साठलेले शहाणपण ती टाकून दिल्यावर नाहीसे होते, ही त्यांची भीती. येथे जुनी लायब्ररी टाकून दिलीच नाही. तिला परीक्षक म्हणून बसवले. तिच्या पोटातल्या विचित्र ओळी वाचण्याचीही गरज पडली नाही, कारण तिची उत्तरे समोर होती. प्रत्येक ठिगळ का लावले ते माहीत नसले, तरी पाणी कुठून येत नाही हे सात लाख ठिकाणी तपासता आले.

मात्र ०.०१२३ या आकड्यावर समाधान मानून उठणे बरोबर नाही.

पहिली गोष्ट, ‘जुळले नाही’ म्हणजे ‘चुकले’ असे नव्हे. परीक्षकाच्या उत्तरपत्रिकेतही चुका असतात. युनिस्क्राइबमध्येही होत्या, आणि कित्येक फाँट तिच्याच वागण्याला धरून तयार झाले होते. मग नव्या लायब्ररीने बरोबर वागावे की जुन्याच्या चुकीबरहुकूम वागावे? हार्फबझमध्ये यासाठी एक खटकाच ठेवला आहे. तो चालू केला की ती युनिस्क्राइबच्या चुकांचीही नक्कल करते. तुलना करण्यासाठी हे सोयीचे आहे. पण कोणत्या बाबतीत नक्कल करायची आणि कोणत्या बाबतीत दुरुस्ती, हे शेवटी माणसालाच ठरवावे लागते, आणि त्याला ती लिपी वाचता यावी लागते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. शब्दसूचीत प्रत्येक शब्द एकदा मोजला जातो. लिहिताना तसे होत नाही. ८७ शब्द सूचीत समान विखुरले आहेत असे मानले तर सुमारे ८,१३० शब्दांत एक दोष येतो, म्हणजे पुस्तकाच्या सुमारे तीस पानांत एक. सहज दुर्लक्ष करण्याजोगे. पण न जुळलेला शब्द ‘करणाऱ्या’ असेल तर? तो सूचीत एकच, आणि पानावर चार वेळा. उलट तो एखाद्या दुर्मीळ संस्कृत जोडाक्षराचा शब्द असेल, तर आयुष्यात कोणाला दिसणारही नाही. ते ८७ शब्द कोणते हे शेकडेवारी सांगत नाही, आणि धोका नेमका त्यातच असतो. ज्या भाषांना आडवा ‘र’ लागतच नाही त्यांच्या वाचकाला शंभर टक्के ठीक आणि बुरोंडीच्या शिक्षकाला ओळीओळीला खडा, असा निकालही त्याच आकड्यात लपू शकतो.

तिसरे, सूचीत काय नाही? विकिपीडियाचा मजकूर ज्ञानकोशाच्या भाषेत असतो. ‘पऱ्या’ तिथे असेलच असे नाही. कोळ्यांच्या बोलीतले शब्द, वाड्यांची नावे, घराण्यांची आडनावे, जी शाळेच्या हजेरीपटावर आणि सातबाऱ्यावर असतात, ती अशा सूचीत येण्याची शक्यता कमी. परीक्षेत जे विचारलेच नाही, त्यात विद्यार्थी नापास होत नाही.

असो. प्रयोग यशस्वी झाला, हे मान्य केले पाहिजे. आज फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड या सर्वांत हार्फबझ आहे. ‘लिबरऑफिस’ने २०१३ मध्ये लिनक्सवर आयसीयूच्या जागी ती आणली, आणि २०१७ च्या ५.३ या आवृत्तीपासून विंडोज व मॅकवरही तीच वापरात आली. त्याआधी तिन्हीकडे तीन वेगळ्या लायब्ररी असल्यामुळे एकच मराठी पत्र तीन संगणकांवर तीन प्रकारे दिसू शकत असे. आयसीयूमधला अक्षरजुळणीचा भाग तर सांभाळणाऱ्यांनी स्वतःच बंद केला आणि वापरणाऱ्यांना हार्फबझकडे जाण्यास सांगितले. सांभाळणारे हात गेले, की ‘स्थिर’ लायब्ररी म्हणजे मालक नसलेली होडी. ती अजून तरंगते आहे एवढेच.

शाळेत हा विषय घ्यायचा असेल तर फारसे साहित्य लागत नाही. दर्या, दऱ्या, आचार्यांना, आचाऱ्यांना, किनाऱ्यावर, सूर्याला, सुऱ्या, पऱ्या, अशा वीस-पंचवीस शब्दांचे एक पान विद्यार्थ्यांनीच गावातल्या बोलीतून गोळा करून टंकलिखित करावे. एकाच आकाराच्या अक्षरात ते जुन्या संगणकावरून आणि नव्यावरून छापून घ्यावे, आणि दोन कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेवर धरावेत. उजेडात फरक चटकन दिसतो. मोठ्या वर्गातल्या मुलांनी वर्तमानपत्राच्या एका स्तंभात ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ किती वेळा येतात हे मोजावे. सूचीतला शब्द आणि पानावरचा शब्द यांतला फरक त्यांना लगेच कळेल.

एक गोष्ट मात्र काचेवर धरूनही दिसणार नाही. आडवा ‘र’ साठवण्याच्या दोन रीती युनिकोडमध्ये मान्य आहेत. वर दिलेली ‘ऱ’ची, म्हणजे २३५३, २३८१. आणि प्रमाणाच्या दुसऱ्या आवृत्तीशी सुसंगती राहावी म्हणून चालू ठेवलेली दुसरी: २३५२, २३८१ आणि त्यापुढे ८२०५ हा न दिसणारा जोडचिन्हाचा क्रमांक. पडद्यावर आणि कागदावर दोन्ही हुबेहूब सारखे, पण संगणकाच्या लेखी हे दोन वेगळे शब्द. एका बाईंनी पहिल्या रीतीने भरलेले नाव दुसऱ्या बाईंनी दुसऱ्या रीतीने टंकून शोधले, तर साधा शोध ‘नोंद नाही’ असेच सांगेल. अक्षरजुळणीची लायब्ररी कितीही उत्तम असली तरी येथे ती काही करू शकत नाही, कारण दोन्ही रूपे ती बिनचूक काढते. हे काम शोध घेणाऱ्या लायब्ररीचे आहे, आणि आपल्या शाळेतली, पंचायतीतली किंवा पतपेढीतली ती लायब्ररी काय करते हे पाहायला एक पऱ्या दोन रीतींनी टंकून बघणे पुरेसे आहे.